पंडितजींना सांगणार कोण

काशीत ठठेरी बाजाराच्या अलीकडे गल्ली एके ठिकाणी इतकी अरुंद होते, की समोरून गाय आली तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढून उभं राहावं लागतं. तिथे ढुंढिराजच्या पुढे दोन माणसं चालली होती. सकाळ झाली होती, पण गल्लीत उजेड अजून उतरला नव्हता. दोघांच्या खांद्यांवर गमछे होते, आणि त्यातल्या एकाची चाल ढुंढिराजने ओळखली. तो विष्णु होता, त्याच्याच बर्फाच्या कारखान्यात साखळी ओढणारा. मागून आपला मॅनेजर येतो आहे हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. ढुंढिराजच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते, त्यांचा आवाज होत नव्हता. दुसरा माणूस हलक्या आवाजात काहीतरी बोलला, आणि विष्णु म्हणाला, "लेकिन पंडितजी से के कही?" पण पंडितजींना सांगणार कोण? मग दोघांनीही नाकातून हवा सोडली, ते हसणं होतं की सुस्कारा ते मागून कळेना. पुढे वळण आलं आणि ती पाठमोरी डोकी दिसेनाशी झाली.

ढुंढिराज तिथेच थांबला. एका बाईने वरच्या सज्जातून कोमट पाणी ओतलं, ते त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर पडलं, आणि तिने 'देखा नहीं भैया' म्हटलं तेही त्याला उशिरा ऐकू आलं. पंडितजी म्हणजे तोच. तो पंडित नव्हता. मॅट्रिक होऊन काही वर्षं रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केलेला, पुढे एका बाबूसाहेबांच्या बर्फाच्या कारखान्यावर मॅनेजर म्हणून लागलेला माणूस होता तो. पण दुर्गाघाटच्या वैदिक वेणीमाधवभट घनपाठींचा मुलगा म्हणून कारखान्यात सगळे त्याला पंडितजीच म्हणत. त्याला ते आवडे. आज पहिल्यांदा त्या शब्दाला बाहेरून पाहिल्यासारखं झालं. रोज राहतो त्या घराला रस्त्यावरून पाहावं आणि भिंत कलली आहे असं वाटावं, तसं. काय सांगायचं होतं? बर्फ चोरीला जात असेल? कुणी पिऊन कामावर येत असेल? की त्याच्या स्वतःबद्दलच काही असेल, सगळ्यांना दिसणारं आणि त्याला एकट्याला न दिसणारं? त्याने कोटाची बाही नाकाशी नेली. तुमच्या कोटाला त्या गॅसचा वास येतो, असं कालिंदी, त्याची बायको, गेल्या महिन्यात म्हणाली होती. त्याला आता तो वास येतच नव्हता.

कारखाना चेतगंजच्या पलीकडे होता. छत्तीस सालचा उन्हाळा, वैशाख चालू होता, आणि नऊ वाजताच रस्त्यावरची धूळ पांढरी दिसू लागे. पण टाकीघराचं दार उघडलं की अंगावर ओल्या चादरीसारखी थंडी येई. जमिनीत खोल खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यावर लाकडी झाकणं, झाकणांखाली पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे. त्या खाऱ्या पाण्यातल्या नळ्यांतून अमोनिया फिरे आणि डब्यांतलं पाणी गोठे. मग विष्णु आणि त्याचे साथीदार साखळीने एकेक डबा वर ओढत, बर्फाची लादी मोकळी करत, भुशात लोळवून तरटात गुंडाळत. भिंतीला लागून इंजिन होतं, इंजिनाशेजारी कॉम्प्रेसर, आणि तिथे एका स्टुलावर बिसेसर मिस्त्री बसलेला असे. त्याचं नाव विश्वेश्वर, पण त्या नावाने त्याला कुणी हाक मारलेली ढुंढिराजने ऐकली नव्हती. कारखाना उभा राहिला तेव्हापासून बिसेसर त्या स्टुलावर होता. त्याच्या डोक्याच्या बऱ्याच वर, भिंतीवर, अमोनियाच्या दाबाचा काटा होता.

ढुंढिराजने या जागेला शिस्त लावली होती. तो आला तेव्हा इथे बाजार भरल्यासारखा होता. कोण कुठे उभा आहे त्याचा पत्ता नसे, मिस्त्रीशी गप्पा मारायला साखळीवरचा माणूस साखळी सोडून जाई. त्याने प्रत्येकाची जागा ठरवून दिली. आपली जागा सोडायची नाही, हा पहिला नियम. आणि यंदा होळीनंतर मोसम सुरू झाला तेव्हा त्याने गाणं बंद केलं. साखळी ओढताना विष्णु गायचा. एक ओळ तो टाकी आणि बाकीचे झेलत. त्यात कधी राम, मध्येच शंकर, मध्येच काली, कशाला काही धरबंध नाही. अर्धे उच्चार दातांत, अर्धे हुंकारात. ज्या घरात एका स्वराच्या चुकीसाठी पुन्हा स्नान करून बसावं लागे त्या घरातून आलेल्या माणसाला ते ऐकवत नसे. "देवाचं नाव हमालीत असं रगडायचं नाही," त्याने हिंदीत सांगितलं होतं, "घ्यायचं असेल तर घाटावर बसून नीट घ्या." विष्णु काही तरी बोलणार होता. त्याने बिसेसरकडे पाहिलं, आणि मग "जी" म्हणाला. तेव्हापासून टाकीघरात इंजिनाचा आणि साखळीचा तेवढा आवाज. बाबूसाहेब एकदा पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा अभिमानाने म्हणाले होते, "हमारे पंडितजी के यहाँ चूँ नहीं होती." ढुंढिराजने मान खाली घातली होती. घरी जाईपर्यंत ते वाक्य त्याने चघळलं होतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत त्याने स्वतःला रोखलं, मग विष्णुला खोलीत बोलावलं. विचारायचं कसं याची त्याला सवय नव्हती. आजवर तो बोलावून सांगत आला होता. विष्णु दारात उभा राहिला, मनगटांवर भुसा चिकटलेला, तिशीतला, रुंद खांद्यांचा. ढुंढिराजच्या तोंडून निघालं, "बर्फ कहाँ जाता है?"

"जी?"

"मला सगळं कळलंय. तुम्ही लोक काय लपवता आहात माझ्यापासून?"

विष्णुचा चेहरा बंद झाला. एखाद्या दुकानाची फळी लागावी तसा. "हमने कभी एक डला भी नहीं लिया, पंडितजी," तो म्हणाला. "आप तौल करवा लीजिए."

तो गेल्यावर ढुंढिराजला कळलं की आपण विचारलंच नाही, आपण आरोप केला. पण त्याने त्याला परत बोलावलं नाही. पंख्याची दोरी ओढणारा म्हातारा बाहेर पेंगत होता आणि पंखा थांबला होता.

घरी कालिंदी परवल चिरत बसली होती. तो हातपाय धुऊन आला, पाट ओढून तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "लोक मला काही सांगायला भितात का गं?"

"नाही हो. का?" तिने विळीवरून नजर उचलली नाही.

"सहज."

तिने दोन परवलं चिरली. तिसरं हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "आत्ता नाही म्हटलं ना मी," ती म्हणाली, "तेसुद्धा भिऊनच म्हटलं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. ती घाईघाईने पुढे म्हणाली, "तुम्ही ओरडता असं नाही. ओरडत नाहीच कधी. पण तुमचं तोंड असं होतं, की वाटतं आपलंच काही चुकलं. मग माणूस म्हणतो, जाऊ दे. मामंजींचं तसंच होतं म्हणतात."

मामंजी, म्हणजे त्याचे वडील. ढुंढिराज उठून गच्चीत गेला. खाली गंगा पातळ झाली होती, पलीकडची वाळू उजेड धरून होती. वेणीमाधवभट या घराच्या खालच्या दालनात वेद शिकवत. मुलं ओळीने बसत, आणि वडील म्हणत ते दोनदा म्हणत, जसंच्या तसं. विचारणं नव्हतंच तिथे. विचारण्यासारखं काही नाही, हीच तर त्या विद्येची थोरवी होती. इतक्या पिढ्या कुणी काही बदललं नाही म्हणून ती राहिली. ढुंढिराज त्या ओळीत बसून मोठा झाला होता, पुढे इंग्रजी शाळेत गेला तरी सकाळी बसत होता. तो वीस वर्षांचा असताना वडिलांना मोठा ताप आला. त्यातून ते उठले, पुन्हा शिकवायला बसले, आणि एके ठिकाणी त्यांची दोन पदं गळू लागली. रोज त्याच ठिकाणी. मुलांनी ऐकलं. एकमेकांकडे पाहिलं. वडिलांसमोर मुलं ती पदं गाळून म्हणत आणि त्यांच्या माघारी ओट्यावर बसून पूर्ण म्हणत. ढुंढिराजही तेच करी. कुणी म्हणालं नाही, की कुणीतरी सांगायला पाहिजे. सांगणं हे मनात येण्यासारखंच नव्हतं. सूर्याला कुणी सांगतं का, की आज तू जरा उशिरा उगवलास?

मग मंगला गौरीपाशी एका गृहस्थाच्या घरी वसंतपूजा होती. काशीतले सगळे वैदिक जमले होते, पन्हं होतं, भिजवलेल्या डाळीचा वास होता, मोगरा होता. वेणीमाधवभटांनी म्हणायला सुरुवात केली. आवाज पूर्वीचाच, घरातली पितळी भांडी झणझणतील असा. ती जागा आली, आणि समोर बसलेल्या एका वृद्धाने बोट वर केलं. तेवढंच, एक बोट. वडील थांबले. त्यांनी मागे वळून आपल्या शिष्यांकडे पाहिलं, आधार मागावा तसं. त्या एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यावरूनच त्यांना सगळं कळलं. ते पुढे म्हणाले, पूर्ण केलं, दक्षिणा घेतली, पण दुसऱ्या दिवसापासून खालचं दालन रिकामं राहिलं. पुढे पुष्कळ वर्षं ते जगले. कुणालाही बोल लावला नाही. एकदाच, पाय चेपून घेत असताना, ढुंढिराजला म्हणाले होते, "तुम्ही सगळ्यांनी माझा मान राखलात रे. आणि मला एकटं ठेवलंत." तेव्हा ते वाक्य त्याला म्हाताऱ्या माणसाच्या हळवेपणासारखं वाटलं होतं. आज गच्चीत उभा असताना त्याच्या लक्षात आलं, की त्यांनी मागे वळून पाहिलं तो क्षण आपण त्यांच्या बाजूने कधी पाहिलाच नव्हता. मागे वळायचं, आणि सगळ्या चेहऱ्यांना आधीच सगळं ठाऊक असायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतः टाकीघरात जाऊन उभा राहिला. चोरी असेल तर डोळ्यांनी दिसेल, असं त्याने मनाशी म्हटलं. खरं म्हणजे त्याला त्या माणसांमध्ये नुसतं उभं राहायचं होतं, पण त्यासाठी कारण लागत होतं. बाहेर अंग भाजणारी लू सुटली होती. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं आणि गॅसच्या नळ्या थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार सकाळपासून बारीक झाल्यामुळे दाब चढत होता, हे त्याला नंतर कळलं. आत इंजिन धडधडत होतं. बिसेसर स्टुलावर मान जरा कलती करून बसला होता, पूजेला बसल्यासारखा शांत. विष्णु साखळी ओढत होता. डबा अर्धा वर आला होता, आणि विष्णुची नजर भिंतीवर गेली.

पुढचं ढुंढिराजला कायम तुकड्या-तुकड्यांनी आठवत राहिलं. विष्णुने भिंतीकडे पाहिलं, मग बिसेसरकडे, आणि त्याचं तोंड उघडलं. गळ्याची शीर ताठ झाली, छाती भरली. मग त्याची नजर दारात उभ्या असलेल्या ढुंढिराजवर पडली. तोंड मिटलं. एक श्वास गेला. विष्णुने साखळी सोडली, डबा खाली आदळला, आणि तो कॉम्प्रेसरच्या दिशेने धावला. तेव्हा ढुंढिराजच्या तोंडून, त्याने ठरवण्याच्या आधी, त्याच्या वडिलांच्या आवाजात निघालं, "अपनी जगह!"

विष्णु थांबला. इतक्या वर्षांची सवय त्याच्या पायांत होती. तो थांबला, वळला, काहीतरी म्हणायला हात वर केला, आणि तेवढ्यात कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग फाटून गॅस बाहेर आला.

आवाज फार मोठा नव्हता. साप फुसकारल्यासारखा, पण न थांबणारा. मग पांढरं धुकं, आणि नाकातोंडात कुणी निखारे कोंबावेत तसं काही. ढुंढिराज गुडघ्यांवर पडला. डोळे उघडत नव्हते, श्वास घ्यायला गेलं की छाती मिटत होती. त्याला कुणीतरी कोटाच्या मागच्या बाजूने धरून फरफटत अंगणात आणलं आणि तोंडावर बादली रिकामी केली. आतलं इंजिन बंद झालं. ती फुसकार बारीक होत गेली आणि थांबली. वाल्व कुणी बंद केला होता ते बिसेसरला बाहेर आणलं तेव्हा दिसलं. त्याला दोघांनी धरलं होतं. त्याचा गमछा गळ्यात होता, तोंडावर नव्हता, आणि दोन्ही हातांनी त्याने चेहरा झाकून घेतला होता. ओरडत नव्हता. पाणी, पाणी, असं हळूहळू म्हणत होता, एखाद्या लहान मुलाला समजवावं तशा आवाजात.

इस्पितळाच्या व्हरांड्यात विष्णु आणि ढुंढिराज एका बाकावर बसले होते. दोघांचेही डोळे लाल, आवाज फाटलेले. बिसेसरच्या डोळ्यांचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला होता आणि ज्या रीतीने म्हणाला होता त्यातच सगळं सांगून झालं होतं. विष्णु समोरच्या भिंतीकडे पाहत बोलू लागला. त्याने पंडितजी म्हटलं नाही, साहेबही म्हटलं नाही. बिसेसर चाचाला दोन वर्षांपासून काटा दिसत नव्हता, तो म्हणाला. गॅसने हळूहळू नजर गेली होती. सगळ्यांना माहीत होतं. काढून टाकतील म्हणून कुणी बोललं नाही. मग त्यांनी गाणं बसवलं. साखळीवरून काटा समोर दिसतो. काटा ठीक असला की विष्णु रामाची ओळ घेई. चढायला लागला की शंकराची. फार चढला की कालीची, म्हणजे चाचाने इंजिन मंदावायचं. इंजिनाच्या आवाजात बोललेलं कळत नाही, गायलेलं कळतं. बाकीचे झेलत ते चाचापर्यंत नीट पोचावं म्हणून.

"आपने गाना बंद करवा दिया," विष्णु म्हणाला. "जगह छोड़ना तो पहले से मना था. तब से रोज डरते रहे. सोचे कि कहें. फिर सोचे, कहेंगे तो चाचा जाएँगे."

ढुंढिराजच्या मनात पहिल्यांदा आलं ते उत्तर होतं. आंधळा माणूस तुम्ही इंजिनावर बसवलात. दोन वर्षं. माझ्या कारखान्यात. ते उत्तर खरंही होतं आणि ते तोंडापर्यंत आलं. पण त्याच्यामागून दुसरं काही आलं आणि त्याने ते अडवलं. त्यांनी सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं? तो प्रश्न त्याने प्रामाणिकपणे स्वतःला विचारला. व्हरांड्यातून एक नर्स कापसाचं तबक घेऊन गेली, तो विचार करत राहिला. काढलं असतं. त्याच दिवशी काढलं असतं, वाईट वाटून घेऊन काढलं असतं. स्टूल अशा ठिकाणी हलवावं जिथून काटा जवळून दिसेल, किंवा काट्याशेजारी दुसऱ्या कुणाला बसवावं, किंवा मिस्त्रीला हाताखाली माणूस द्यावा, यातलं काही त्याच्या मनात आलं नसतं. म्हणजे त्यांनी त्याला बरोबर ओळखलं होतं. त्यांचं न सांगणं चूक होतं आणि त्याच्याबद्दलचा त्यांचा हिशेब अचूक होता, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून तो बसून राहिला. त्या माणसांनी त्याच्या नाकासमोर एक युक्ती काढली होती, रोज वापरली होती, आणि त्याला त्यात फक्त अशुद्ध उच्चार ऐकू आले होते.

संध्याकाळी त्याला आत सोडलं. बिसेसरच्या डोळ्यांवर पट्टी होती. ढुंढिराज खाटेशेजारी उभा राहिला, मग खाली बसला. "मिस्त्री," तो म्हणाला, "मी विचारायला हवं होतं."

बिसेसरने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "आप पूछते, तब भी हम झूठ बोलते, पंडितजी," तो म्हणाला. "नौकरी का मामला था." आणि थोड्या वेळाने, "गैस बंद हो गया था न?"

"हो गया था."

"हाथ को मालूम था कहाँ है," बिसेसर म्हणाला आणि पलीकडे वळला.

बाबूसाहेबांनी दोन दिवसांनी बोलावलं. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं होतं, खोलीत गार अंधार होता. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी ढुंढिराजला बसायला सांगितलं, सरबत मागवलं, प्रकृतीची चौकशी केली. मग म्हणाले की सरकारी इन्स्पेक्टर येणार आहे. मामला सरळ आहे. मिस्त्रीने नजर गेल्याचं लपवलं, त्याने धोका दिला. तेवढं सांगायचं. मिस्त्रीला आपण गावी जायचं भाडं देऊ, थोडं वर देऊ. "आपके इंतज़ाम में तो कोई कमी थी नहीं," ते म्हणाले. "कभी चूँ नहीं हुई."

ढुंढिराजने सरबताचा पेला हातात धरला होता. त्यात बर्फाचा तुकडा होता, त्यांच्याच कारखान्यातला. त्याला जाणवलं की या खोलीत आपण आजवर कधी काही सांगितलेलं नाही. यंदा विहीर खोल करायला हवी हे माघापासून त्याला दिसत होतं. बाबूसाहेबांनी खर्चाचं नाव काढून कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा तो 'जी' म्हणून उठला होता. विष्णुने म्हटलं होतं तसंच 'जी'. आता बोलायचं म्हटलं तर आपण काहीतरी घाण करतो आहोत अशी शरम वाटली. या माणसांना माझ्यासमोर हेच होत असणार, त्याच्या मनात आलं.

"इंतज़ाम ही में कमी थी," तो म्हणाला. आवाज अजून फाटलेलाच होता. "गाणं मी बंद केलं. जागा सोडायला मी मनाई केली. विष्णु सांगायला धावला होता, मी त्याला थांबवलं. पाणी कमी पडणार हे मला ठाऊक होतं आणि मी आपल्याला जोर देऊन बोललो नाही. लपवलं त्यांनी, खरं आहे. पण मला सांगता येईल अशी जागा मी ठेवली नव्हती."

"यह बात यहीं रहने दीजिए," बाबूसाहेब म्हणाले.

"इन्स्पेक्टर विचारतील तर हेच सांगेन."

"सोच लीजिए, पंडितजी. बालबच्चेवाले आदमी हैं."

त्याने विचार केला नाही असं नाही. त्या रात्री जेवताना कालिंदीला सगळं सांगितलं, आणि तिने ताटात भात वाढता वाढता एवढंच विचारलं, की नोकरी गेली तर आपण पुण्याला थोरल्या जाऊबाईंकडे जायचं की इथेच राहायचं. इथेच, तो म्हणाला. मग तिने तूप वाढलं. इन्स्पेक्टर आला, तेव्हा ढुंढिराजने जसं घडलं तसं सांगितलं. बिसेसरला कायद्याप्रमाणे भरपाई द्यावी लागली. त्याची दृष्टी परत आली नाही. ढुंढिराजला बाबूसाहेबांनी काढलं नाही. मोसम संपेपर्यंत राहा, मग बघू, म्हणाले. मात्र त्या दिवसापासून ते त्याला पंडितजी म्हणेनासे झाले. मॅनेजर साहब म्हणू लागले.

कॉम्प्रेसर दुरुस्त होऊन आला. इंजिन चालू करण्याच्या आदल्या दिवशी ढुंढिराजने सगळ्यांना टाकीघरात जमवलं. काय बोलायचं ते त्याने मनात मांडून ठेवलं होतं, पण समोर माणसं पाहिल्यावर त्यातलं निम्मं खोटं वाटू लागलं. "मिस्त्री नाही आता," तो म्हणाला. "नवा येईल. काटा कुठे लावायचा, कोण कुठे उभं राहायचं, काय करायचं, काय नाही, हे आता तुम्ही मला सांगा."

एकाने गमछ्याने मान पुसली. दुसरा टाकीच्या झाकणाकडे बघत राहिला. ढुंढिराज वाट पाहत होता, आणि त्याला दिसत होतं की वाट पाहण्याचासुद्धा हुकूम होतो. शेवटी विष्णुने घसा साफ केला.

"आप जरा बाहर जाइए," तो म्हणाला. "हम लोग आपस में बतिया लें. फिर बुलाएँगे."

ढुंढिराजच्या कानशिलांशी जुना राग चढला. त्याच्या तोंडाचं ते झालं असणार, जे कालिंदी म्हणाली होती, कारण समोरच्या दोघांनी नजर खाली घातली. विष्णुने घातली नाही. ढुंढिराज वळला आणि अंगणात गेला.

बाहेर ऊन पांढरं होतं. बर्फाच्या गाड्या रिकाम्या उभ्या होत्या, एक बैल बसल्या बसल्या शेपटीने माश्या हाकत होता. सावलीचा एकच पट्टा दाराला लागून होता. तिथे उभं राहिलं तर आतलं ऐकू येत होतं, शब्द नाहीत, आवाज. कुणीतरी जोरात बोललं, कुणीतरी त्याला तोडलं, मग दोघे-तिघे एकदम. आपलं नाव आल्यासारखं त्याला वाटलं. तो सावली सोडून पुढे फाटकाशी उन्हात जाऊन उभा राहिला. राग उतरायला वेळ लागला. उतरत असताना त्याने त्याला घाई केली नाही. रस्त्यावरून एक इक्का गेला, इक्केवाल्याने ओळख दाखवून विचारलं, कब चालू होगा, आणि ढुंढिराज म्हणाला, माहीत नाही, आत ठरतंय.

पुष्कळ वेळाने दारातून विष्णुने हात केला.

तो आत गेला. माणसं झाकणांवर, भुशाच्या पोत्यांवर बसली होती. कुणी उठून उभं राहिलं नाही. ढुंढिराजने इकडे तिकडे पाहिलं, एक डबा पालथा करून ठेवलेला होता, तो ओढून त्यावर बसला. विष्णु त्याच्याकडे पाहून म्हणाला, "पहली बात आपको बुरी लगेगी."

"लगने दो," ढुंढिराज म्हणाला.